मारवाडचं शौर्य पाहायचं कुठे?

मरुभूमीच्या वाटेवर : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण जयपूरपर्यंत आलो होतो. आज जोधपूर. तिथे वर्षभरात सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरात भर पावसाळ्यातल्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा कोसळून जातो. मारवाडातला किल्ला, राजवाडा, अगदी ताटातली भाजी पाहतानाही हा आकडा मनात असू द्या.

राव जोधाने १४५९ साली मंडोरची जुनी राजधानी सोडून या खडकाळ डोंगरावर मेहरानगडाचा पाया घातला. तिथे राहणाऱ्या चिडियानाथजी या साधूला उठवून लावलं, तेव्हा त्याने 'इथे पाण्याचा दुष्काळ पडेल' असा शाप दिला, असं लोक सांगतात. राजाराम मेघवाल नावाच्या माणसाला किल्ल्याच्या पायात जिवंत पुरल्याची हकिगतही सांगितली जाते. किल्ला बघायला गेलात तर त्याच्या नावाच्या पाटीपाशी थांबा.

जयपोळ, फतेहपोळ असे दरवाजे ओलांडत माणसं वर चढतात, तोफांशेजारी फोटो काढतात, दौलतखान्यातल्या तलवारी आणि हत्तीवरचे हौदे पाहतात आणि उतरतात. बघण्यासारखं ते सगळं आहेच. १९७२ साली स्थापन झालेल्या ट्रस्टने इथलं संग्रहालय फार नेटकं ठेवलं आहे. पण तटावरून खाली राणीसर दिसतो, तिकडे फारसं कुणी बघत नाही. जोधाची राणी जसमादे हाडी हिने बांधलेला हा तलाव. आसपासच्या खडकांत चर खोदून डोंगरावर पडणारं पाणी तलावांकडे वळवलेलं होतं. शेजारच्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये असा एक जुना नहर आजही चालत पाहता येतो. तोफा लढाईच्या दिवशी कामाला यायच्या, हे पाणी रोज. किल्ला तगला तो या पाण्यावर.

लोहापोळीच्या भिंतीवर शेंदूर माखलेले हातांचे ठसे आहेत. १८४३ साली महाराजा मानसिंग वारले, त्यांच्यामागे सती गेलेल्या राण्यांचे ते ठसे, असं सांगतात. तिथे आवाज चढवून शौर्याची वर्णनं होतात. मला ते शौर्य म्हणवत नाही. ते छोटे छोटे पंजे पाहून फक्त वाईट वाटतं.

मग शौर्य कुठलं? मराठी माणसाने इथे दुर्गादास राठोडाची आठवण काढावी. १६७८ मध्ये मारवाडचे महाराजा जसवंतसिंग जमरूदला वारले. त्यांच्या मागून जन्मलेल्या मुलाचा, अजितसिंगाचा, हक्क औरंगजेबाने नाकारला आणि मारवाड खालसा केलं. दुर्गादास आणि त्याच्या साथीदारांनी त्या तान्ह्या मुलाला दिल्लीतून निसटवलं. पुढे औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध उठला आणि फसला, तेव्हा १६८१ मध्ये त्याला घेऊन दुर्गादास थेट संभाजीमहाराजांच्या आश्रयाला आला. सुधागडच्या परिसरात अकबराची सोय झाली. १६८७ साली अकबर समुद्रमार्गे इराणकडे निघून गेला आणि दुर्गादास मारवाडात परतला.

तोवर अकबराची मुलगी आणि मुलगा मारवाडातच होते. शत्रूची नातवंडं. दुर्गादासाने त्यांना जपलं, मुलीला कुराण शिकवायला मुसलमान शिक्षिका ठेवली आणि पुढे दोघांनाही सन्मानाने औरंगजेबाकडे पोचवलं. औरंगजेब गेल्यावर, १७०७ मध्ये, अजितसिंगाने जोधपूर परत घेतलं. वाळवंटाच्या आधाराने जवळजवळ तीस वर्षं रेटलेली ही झुंज. त्याच अजितसिंगाची पुढे मर्जी फिरली आणि म्हाताऱ्या दुर्गादासाला मारवाड सोडावं लागलं. १७१८ साली तो उज्जैनला वारला. त्याची छत्री तिथे क्षिप्रेकाठी आहे.

जोधपूरहून साधारण पंचवीस किलोमीटरवर खेजडली नावाचं गाव आहे. १७३० साली महाराजा अभयसिंगांच्या बांधकामासाठी चुना भाजायचा होता. भट्टीला लाकूड हवं म्हणून माणसं बिश्नोईंच्या या गावात खेजडी तोडायला आली. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी. गावातली अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. मग तिच्या मुली, मग आसपासच्या गावांतली माणसं. ३६३ बिश्नोईंनी जीव दिला, तेव्हा कुठे तोड थांबली. महाल बांधणाऱ्यांच्या राज्यात चुन्याच्या भट्टीसमोर उभी राहिलेली ही माणसं हातात शस्त्र नसलेली होती. मारवाडच्या साऱ्या युद्धकथांत मला ही सगळ्यात मोठी वाटते.

एका झाडासाठी एवढं का, हे समजायला जोधपुरात एक वेळ जेवा. केर-सांगरीच्या भाजीतली सांगरी म्हणजे खेजडीच्याच शेंगा, वाळवून ठेवलेल्या. पाऊस हुकला तरी हे झाड तग धरतं. त्याचा पाला गुरांना, शेंगा माणसांना, आणि त्याच्या सावलीत बाजरीही चांगली येते. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छप्पनिया' दुष्काळ इथल्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे. उमेदभवन राजवाडासुद्धा १९२९ साली दुष्काळी काम म्हणून सुरू झाला आणि १९४३ मध्ये पुरा झाला. आज त्यातल्या एका भागात पंचतारांकित हॉटेल आहे. तिथलं संग्रहालय पाहून तासाभरात निघालात तरी चालेल.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेहरानगडाला सकाळी लवकर जा आणि उरलेल्या दिवसातला अर्धा तरी खेजडलीसाठी राखून ठेवा. तिथे स्मारक आहे आणि खेजडीची झाडं आहेत. बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात हे गाव नसतं, तेव्हा गाडी ठरवतानाच तसं सांगून ठेवा.

(पुढील आठवड्यात : जैसलमेर)