दिवा पेटला, वायरलेस मुका

डोलकाठीवरचा जुना पिवळा बल्ब काढून एलईडी लावला, की बॅटरी वाचते आणि डेकवर लख्ख दिसतं. त्याच रात्री केबिनमधला वायरलेस खरखरायला लागतो. तांडेल वैतागून स्क्वेल्चचं बटण पिळतो, खरखर थांबते. खरी गोम इथंच आहे.

स्क्वेल्च म्हणजे सेटचा दरवान. ठरलेल्या जोराहून क्षीण काही आलं, की तो दार उघडत नाही. मग खरखर आत येत नाही, तशी लांबच्या होडीने चॅनल 16 वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, मारलेली हाकही येत नाही. जवळच्यांशी बोलणं नीट होत असतं, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही.

यात दोष दिव्याच्या बुडाशी असलेल्या ड्रायव्हरचा. जुन्या बल्बची तार नुसती तापायची. एलईडीला वीज मोजून लागते. बॅटरीचे 12 किंवा 24 व्होल्ट त्या मापात बसवण्यासाठी ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो-जोडतो. त्या झटक्यांचे पडसाद चढत चढत चॅनल 16 च्या 156.8 मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. तिथल्या लहरीची लांबी सुमारे 1.9 मीटर. तिच्या पावपट, म्हणजे हातभर वायर आयती अँटेना होते. आणि आपण दिवा बांधतो तो खऱ्या अँटेनाला खेटून!

अमेरिकी तटरक्षक दलाने ऑगस्ट 2018 मध्ये याबाबत इशारा काढला आणि घरगुती म्हणावी इतकी सोपी चाचणी सुचवली.  इंजिन आणि सगळे दिवे बंद करायचे, शांत चॅनल लावायचा, खरखर जेमतेम थांबेल तिथवरच स्क्वेल्च आणायचा. मग एकेक दिवा लावत जायचं. ज्याच्यासरशी खरखर परतली, तो चोर. दिवे निर्दोष सुटले तर चार्जर, इन्व्हर्टर आणि फिश फाइंडरची पाळी. शेवटी इंजिन चालू केल्यावर त्याच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली, तर संशय अल्टरनेटरवर.

चोर सापडला की आधी त्याला अँटेनापासून लांब न्या, त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन ओढा, ड्रायव्हरजवळ वायरीवर खरखर अडवणारं फेराइटचं कडं चढवा. कड्याने काम भागेलच असं नाही. एवढं करूनही खरखर राहिली, तर तो दिवा कितीही स्वस्तात मिळालेला असो, धक्क्यावरच उतरवा.