नगराच्या कडेचे लोकवन

बाग, अभयारण्य आणि लोकवन हे तीन शब्द विद्यार्थी पुष्कळदा एकाच अर्थाने योजतात. परिसर अभ्यासाचा पाठ घेताना शिक्षकांनी प्रथम त्यांतील भेद स्पष्ट करावा. बाग माळी राखतो. तिला बारमाही पाणी व छाटणी लागते. अभयारण्य शासन राखते. तेथे वन्य प्राण्यांचा हक्क पहिला असून माणसाच्या वावरास मर्यादा असते. लोकवन हे या दोहोंच्या मधले होय. जमीन बहुधा वनखात्याची, झाडे रानातली आणि राखण भोवतालच्या लोकांची, अशी त्याची रचना असते. तेथे कोणीही पायी हिंडावे, सावलीत बसावे, पाखरे पाहावीत. मात्र फांदी तोडू नये, गुरे सोडू नयेत व विस्तव नेऊ नये.

वारजे येथील उदाहरण

पुणे शहराच्या नैर्ऋत्य कडेस वारजे येथे असे एक वन आहे. पूर्वी स्वतंत्र गाव असलेले वारजे शहर वाढत गेले तसे त्यात सामावले गेले. तेथील १६.८ हेक्टरांची टेकडी ओसाड पडली होती. वनखाते, स्थानिक संस्था, नागरिक व काही उद्योगसंस्था यांनी एकत्र येऊन तिच्यावर झाडे लावली, तळी केली आणि जागेची राखण केली. केंद्र शासनाने २०२० साली दिलेल्या माहितीनुसार तेथे वनस्पतींच्या २३, पक्ष्यांच्या २९, फुलपाखरांच्या १५, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १० व सस्तन प्राण्यांच्या ३ जाती होत्या. त्याच वर्षी ५ जून या जागतिक पर्यावरणदिनी पाच वर्षांत देशभर २०० नगरवने उभारण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा वारज्याचे वन नमुना म्हणून पुढे ठेवण्यात आले.

हे आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांस विचारावे की, यांपैकी माणसाने काय आणले आणि आपणहून काय आले? झाडे माणसे लावतात. पाने व मध मिळाला की फुलपाखरे येतात, अळ्या व फळे मिळाली की पाखरे येतात, पालापाचोळा साचला की सरडे त्यात आसरा घेतात. वनाची वाढ अशी एकातून एक होते.

उजाड टेकडीचे वन कसे होते?

आपला प्रदेश उष्ण कटिबंधातील असून पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उघड्या उतारावर पडलेले पाणी वेगाने धावते व जाताना माती घेऊन जाते. म्हणून प्रथम पाणी अडवावे लागते. उतारास आडवे, सर्वत्र एकाच पातळीवर राहतील असे चर खणले म्हणजे पाण्याचा वेग मंदावतो. गाळ चरात बसतो व पाणी खाली मुरते. या ओलीवर आधी गवत धरते, मग बोर-करवंदासारखी झुडपे व त्यांच्या आडोशाने वृक्ष वाढतात.

येथील अनेक वृक्ष पानझडी आहेत. उन्हाळ्यात ते पाने टाकून आपल्या अंगातील पाणी राखतात. चैत्रात निष्पर्ण उभी असलेली सालई मुलांस वाळलेली वाटते. तिची साल नखाने किंचित खरवडल्यास आतील हिरवा थर दाखविता येतो. गळलेली पाने कुजून माती सुपीक होते, म्हणून लोकवनातील पालापाचोळा झाडून जाळणे हे स्वच्छतेचे काम नसून वनाचे अन्न नष्ट करणे होय.

झाडांची निवडही महत्त्वाची असते. गिरिपुष्प हे परदेशी झाड लवकर वाढते व त्यास गुरे फारशी तोंड लावीत नाहीत, म्हणून पूर्वी ते पुण्याच्या अनेक टेकड्यांवर लावले गेले. तथापि वड, उंबर, पळस यांच्या आश्रयाने जितके जीव जगतात तितके त्याच्या आश्रयाने जगत नाहीत.

लागवडीनंतरची जबाबदारी

तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात शाळाशाळांतून रोपे लावली जातात. परंतु रोपाची खरी परीक्षा जुलैत होत नाही, ती मार्च ते जून या महिन्यांत होते. पहिले दोन-तीन उन्हाळे निभावले तरच रोप जगते. या काळात शेळीचे तोंड, कुऱ्हाड व वणवा हे त्याचे तीन वैरी असतात. म्हणून कुंपण, जाळरेषा आणि पाळीपाळीने पाणी घालणारी माणसे यांची तरतूद रोप आणण्यापूर्वीच झाली पाहिजे.

माणसांची ही पाळी टिकावी यासाठी वनाशी त्यांचे हित जोडलेले असावे लागते. अमरावती जिल्ह्यात मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर गाव आहे. वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली गावास उजाड झालेल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामस्थांनी ते वन पुन्हा उभे केले व त्यातील सीताफळे मुंबईपर्यंत विकली. वन आपले आहे असे कायद्याने व अनुभवाने पटले, तेव्हा राखणदार शोधावा लागला नाही.

वरवट बकाल परिसरातील शाळांसाठी

वरवट बकाल शेगावच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीच्या सपाटीवर वसले आहे. संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्यात सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे अंबाबरवा अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. परंतु रोज शाळेत येणाऱ्या मुलास ते वन दूरच राहते. त्याच्या वाट्यास यावयाचे वन गावाजवळच्या ई-वर्गाच्या जमिनीवर, नाल्याच्या काठी किंवा शाळेच्या आवारातच उभे राहू शकते.

मात्र टेकडीवरील रीत येथे जशीच्या तशी चालणार नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व कोवळी मुळे तुटतात. खारपाणपट्ट्यात विहिरीचे खारे पाणी रोपास मानवत नाही. म्हणून बाभूळ, हिवर, कडुनिंब अशी या मातीत टिकणारी झाडे निवडावी, आळ्यात पाचोळ्याचे आच्छादन घालावे, भेगा मातीने बुजवाव्या आणि पावसाचे साठविलेले पाणी रोपांसाठी राखावे.

तिसरी-चौथीच्या मुलांनी प्रत्येकी एक रोप दत्तक घेऊन दर महिन्यास त्याची उंची मोजावी. पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांनी जागेवर आलेली पाखरे व फुलपाखरे यांची तारीखवार नोंदवही ठेवावी. उन्हाळ्याच्या सुटीतील पाण्याच्या पाळ्या शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांच्या विचाराने मार्चमध्येच ठरवाव्या. जूनमध्ये शाळा उघडताच लावलेल्या रोपांची नव्हे, जगलेल्या रोपांची संख्या फलकावर लिहावी.