कढीपत्त्यावरचे लिंबाचे फुलपाखरू

कढीपत्त्याची डहाळी तोडताना एखाद्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली, तर झटकण्यापूर्वी ती जरा निरखून पाहा. तपकिरी रंग, मध्ये पांढरट डाग. गवताच्या काडीने हलकेच डिवचले, की ही 'विष्ठा' मान उंचावते, डोक्यामागून दोन टोकांचे नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते! ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. याचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉर्मन हे याच प्रजातीतले.

प्रौढ फुलपाखरू आपण सर्वांनी पाहिलेले असते. पंखांचा विस्तार ८ ते १० सेंटिमीटर, काळ्या रंगावर पिवळसर ठिपके, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी ठिपका. याचे कुल शेपटीवाल्या फुलपाखरांचे, पण याला शेपटी नाही. फुलातला मध पितानाही ते पंख फडफडवत राहते, त्यामुळे त्याचे स्पष्ट छायाचित्र मिळवणे म्हणजे चिकाटीची परीक्षाच. दाट जंगलापेक्षा बागा, परसदारे आणि उघडी माळराने त्याला मानवतात. लिंबू, संत्रे, बेल, कढीपत्ता अशी लिंबू कुलातली झाडे आपण जिथे लावली, तिथे ते पोचले. २००४ साली तर ते कॅरिबियन बेटांवरच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्येही सापडले.

मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी ते थोपटते. तिच्या पायांवर रसायने ओळखणारे सूक्ष्म केस असतात. पायांनीच ती पानाची चव घेते म्हणा ना. पान योग्य वाटले तर फिकट पिवळे, टाचणीच्या डोक्याएवढे एकच अंडे चिकटवून ती पुढे जाते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते.

अळी चार वेळा कात टाकते. पहिल्या चारही अवस्थांत तिचे सोंग विष्ठेचेच असते. चौथ्या कातीनंतर मात्र ती एकदम हिरवी होते. असे का? आता ती वाढून चार सेंटिमीटरपर्यंत जाणार. एवढी मोठी विष्ठा पानावर पाहून कोणता पक्षी फसेल? त्यापेक्षा पानाच्या रंगात मिसळलेले बरे. हा बदल कशामुळे होतो, याचा उलगडा याच प्रजातीतल्या एका आशियाई जातीवर काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली केला. चौथ्या अवस्थेत ज्युव्हेनाइल हॉर्मोन हे संप्रेरक कमी झाले, की पुढची कात हिरवी येते. ते कृत्रिमरीत्या टिकवून ठेवले, तर अळी पाचव्या अवस्थेतही जुनेच सोंग घेते.

पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवते आणि डहाळीवर रेशमी गादी विणते. नारळावर चढणारा कमरेभोवती दोर घेतो, तसा एक धागा अंगाभोवती घेऊन ती डोके वर करून टेकते आणि कोश होते. हिरव्या डहाळीवरचा कोश बहुधा हिरवा असतो, वाळक्या काटकीवरचा तपकिरी. उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू बाहेर येते. थंडीत जास्त वेळ लागतो.

हे सारे वर्गात सहज पाहता येते. रुंद तोंडाची बाटली, वर मलमलचे फडके, रोज ताजी पाने आणि कोशासाठी एक उभी काटकी एवढे पुरे. मी एकदा फडके बांधायला एक दिवस विसरलो. पंधरवड्याने एका कोशातून फुलपाखराऐवजी डझनावारी चिमुकल्या गांधीलमाश्या बाहेर पडल्या. कोश नुकताच झालेला आणि मऊ असताना टेरोमॅलस ही परजीवी माशी त्यात अंडी घालते. मुले हिरमुसली, पण मला तो पाठ अधिक मोलाचा वाटतो. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकेत हीच अळी कोवळ्या रोपाची सगळी पाने फस्त करते. मोठे झाड ते सोसते, रोप नाही. तिथे सरसकट फवारणी केली, तर अळीबरोबर या माश्याही मरतात आणि पुढच्या पिढीतल्या अळ्यांना आवर घालणारे कोणी उरत नाही. थोडी रोपे असतील तर अळ्या हाताने वेचणेच सोयीचे.

तेव्हा बाटलीतल्या कोशाला बारीक छिद्र दिसले, तर बाटली लगेच धुऊ नका. तळाशी काय पडले आहे, ते मुलांना भिंगातून पाहू द्या.