डब्यावर नाव असू द्या



लागण, खोडवा सोडून या वेळी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लिहितो आहे, याचे नवल वाटेल. कारण सांगतो. मुकुंदवाडीत बिऱ्हाड असलेल्या एका सभासदाकडे मागे चहाला थांबलो होतो. साखर संपली म्हणून सूनबाईंनी फळीवरचा दुसरा डबा काढला. दाणे जरा वेगळे दिसले म्हणून त्या थबकल्या. आत झिंक सल्फेट निघाले!

उसाला हेक्टरी 20 किलो झिंक सल्फेट आणि 5 किलो बोरॅक्स द्या, असे आम्हीच सांगतो. उरलेले किलो-अर्धा किलो, पिशवी फाटली की, घरातल्या रिकाम्या डब्यात जाते. झिंक सल्फेट दिसते साखरेसारखे, बोरॅक्स मिठासारखा आणि ॲट्राझिनची भुकटी तांदळाच्या पिठासारखी. कोणत्या डब्यात काय, हे घरच्या कारभारणीच्या हाताला ठाऊक असते. पण ती माहेरी गेली आणि पाहुणी स्वयंपाकाला लागली, म्हणजे काय?

मसाल्याच्या डब्यांना नावे घालणे अवघड नाही. गाडीची नंबरप्लेट करणारा रेडियमवाला हळद, तिखट, धने, मीठ, खाण्याचा सोडा अशी अक्षरे कापून देतो. म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढे अक्षर घ्यावे. डबा साबणाने धुऊन, कोरडा करून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. तेलकट हात लागलेल्या स्टीलवर काहीच टिकत नाही. चिकटवताना मधून कडेकडे पट्टीने दाबत जावे, म्हणजे आत हवा राहत नाही. एक दिवस डबा धुऊ नये. रेडियम नको असेल तर कागदावर काळ्या शाईने लिहून वरून रुंद सेलोटेप मारली तरी चालते.

नाव झाकणावर मात्र घालू नका, डब्याच्या अंगावर घाला. झाकणे घासताना अदलाबदल होतात, हे भगिनींना सांगायला नको.

औषधाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. तिथे नाव घालून दुसऱ्या डब्यात ओतणेसुद्धा चूकच. ते कंपनीच्याच डब्यात, कुलपात, स्वयंपाकघराबाहेर राहिले पाहिजे. आणि रिकामा डबा तेला-पाण्याला कधीच वापरू नये. 1958 साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर 1968 चा कीटकनाशक कायदा आला. तरी 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण खाऊन 23 मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले.

औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसते. त्याच कागदावर उताराही छापलेला असतो. दुसऱ्या बाटलीत ओतले की तो कागद मागेच राहतो, आणि डॉक्टरांनी विचारले की सांगायला काही उरत नाही.

चुकून पोटात गेलेच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नये. मूळ डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. गाडीसाठी 108, आणि दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक 1800 116 117 आहे. तोही एका चिठ्ठीवर लिहून फळीच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावा.

– ऊस विकास अधिकारी