ईदकार्डावर संत्र्याची बाग

आमच्या लहानपणी रमजानच्या अखेरच्या अशऱ्यात ईदकार्डे निवडायला बाजारात जायचे, हा एक कार्यक्रमच असे. आता एकच चित्र मोबाइलवरून चाळीस जणांना जाते. म्हणून यंदा आम्ही वर्गातल्या मुलांना कार्ड हाताने करायला बसवले.

विषय ठरला बाग. जन्नतच्या बागांची वर्णने मुलांनी ऐकलेली असतात. शिवाय काही घरांत सजीवांची चित्रे काढू देत नाहीत. फुलापानांना कुणाची हरकत नसते. जहांगीर बादशहा १६२० साली काश्मीरला गेला, तेव्हा उस्ताद मन्सूरने तिथली शंभराहून अधिक फुले रंगवली, असे बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. आम्हा नागपूरकरांना तेवढ्या दूर जायला नको. आंबिया बहारात संत्र्याचे झाड फुलते, ते पांढरे, पाच पाकळ्यांचे फूल पुरे.

पण पांढऱ्या कागदावर पांढरे फूल काढायचे कसे? पांढऱ्या मेणबत्तीने! कागदावर मेणबत्ती दाबून फूल काढले की काहीच दिसत नाही. वरून पातळ हिरवा जलरंग फिरवला की मेणाची जागा कोरी राहते आणि फूल उमटते. पहिले फूल उमटले तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. कागद मात्र जाड हवा, ३०० ग्रॅमचा असेल तर उत्तम. साधा वहीचा कागद फुगतो.

रंग पूर्ण वाळल्यावरच ठसे मारावेत, नाहीतर रंग पसरतो. आपल्या उन्हात त्याला वेळ लागत नाही. भेंडीचा देठाकडचा तुकडा आपण टाकूनच देतो, तोच घ्यावा, म्हणजे इसराफ नको. त्याचे पाचकोनी फूल उमटते. बटाट्याचा ठसा कोरल्यावर फडक्याने कोरडा पुसावा, त्याच्या पाण्याने रंग धरत नाही. रंग दाट ठेवून ओल्या स्पंजवर घ्यावा. झाडाचे पान उलट्या बाजूने रंगवून दाबले की शिरा उमटतात.

एका मुलीची नानी कामठीला. नानी फक्त उर्दू वाचते, नात मराठी शाळेत. तिने सुंदर बाग केली. आम्ही म्हटले, "मजकूर उर्दूत आम्ही लिहून देतो." ती म्हणाली, "नको मॅडम, नानीला तुमचं अक्षर दिसेल."

मग आम्ही फळ्यावर 'ईद मुबारक, नानीजान' लिहिले आणि ती गिरवू लागली. चार दिवस गिरवले. कार्डावर लिहायची वेळ आली तेव्हा लक्षात आले, की उर्दू कार्ड उजवीकडून उघडते! तिची बाग मागच्या पानावर गेली होती. डोळ्यांत पाणी. चूक आमचीच, घडी घालतानाच आम्हाला सुचायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी ती नवा कागद घेऊन आली. यावेळी घडी वरच्या बाजूला घातली, म्हणजे डावे-उजवे राहिलेच नाही. आत वर उर्दू, खाली मराठी. 'जान'मधल्या जीमचा नुक्ता राहिला होता. आम्ही बोट ठेवून दाखवला. पेन तोवर दप्तरात गेले होते. तिने तो ब्रशने, पानांच्या हिरव्या रंगातच दिला, आणि कार्ड वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.