खिडकी गळतेय, बॉस!

फ्लॅटच्या डाऊन पेमेंटमधून आम्ही चाकांवरचं घर घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात खिडकीनं दगा दिला आणि खामगावच्या एका गॅरेजमध्ये आमचे सगळे फंडे क्लिअर झाले!

रात्रीचे अडीच. बाहेर धो धो पाऊस. आत मी, नवरा आणि माझ्या उशीच्या कोपऱ्यावर पडणारा एक थेंब. टप्... टप्... मोबाईलचा टॉर्च लावला, तर खिडकीच्या खालच्या चौकटीतून पाण्याची बारीक धार गादीकडे निघालेली. खिडकीखालच्या प्लायवूडला सहज बोट लावलं आणि ते बिस्किटासारखं आत गेलं. झोप खल्लास!

थोडा फ्लॅशबॅक. 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात हे खूळ होतं. शेवटी वन बीएचकेसाठी साठवलेल्या पैशांतून आम्ही सेकंडहँड कॅम्पर घेतली. बेड, ओटा, छोटा फ्रिज, सगळं असलेली. आईचा त्यावरचा शेरा एका वाक्याचा होता, 'लोक भिंती घेतात, तुम्ही चाकं घेतलीत.' त्यामुळे बोट भिंतीत गेलं तेव्हा मला आधी गाडी नाही, आईच आठवली.

जुलैचा लाँग वीकेंड होता. लोणारचं सरोवर बघून मेहकरमार्गे खामगावला मावशीकडे आलो होतो. दुसऱ्या दिवशी शेगावला दर्शन आणि मग पुणे, असा प्लॅन. तो पावसात वाहून गेला. सकाळी मावशीनं चहाबरोबर फर्मान काढलं, 'हायवेवर चाल, तिथं गाडीच्या काचा बसवणारे मिस्त्री आहेत.'

खामगाव म्हटलं की लोकांना चांदी आठवते, नाहीतर कापूस. कापसासाठी तर इंग्रजांनी 1870 मध्ये जलंबहून इथवर वेगळा रेल्वेफाटा टाकला. पण जुना सहा नंबरचा, म्हणजे आताचा 53 नंबरचा हायवेही या गावातून जातो. आम्हाला मिळालेल्या मिस्त्रीकाकांचा हात ट्रक आणि बसच्या काचांवर बसलेला. कॅम्पर त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. आत डोकावून म्हणाले, 'घरच आहे की वो हे!'

खालून वर, वरून खाली नाही

मला वाटलं, काका आता ट्यूब काढतील, फट भरतील आणि अर्ध्या तासात आम्ही मोकळे. काकांनी पाण्याचा पाइप काढला. मला टॉर्च आणि टिश्यू पेपर देऊन आत बसवलं आणि बाहेरून खिडकीच्या सगळ्यात खालच्या कडेवर हळू पाणी सोडलं. तीन-चार मिनिटं थांबले. मग बाजूच्या कडा. मग वर. खालची कड कोरडी, डावी कोरडी... वरच्या उजव्या कोपऱ्यावर पाणी पडलं आणि थोड्या वेळानं माझ्या हातातला टिश्यू ओला झाला. तोही डाव्या खालच्या कोपऱ्यात!

'मॅडम, पाणी जिथं टपकते तिथून ते येतच नाही,' काका म्हणाले. पाणी वर शिरतं, चौकटीच्या मागून वाट काढत उतरतं आणि जिथं जागा मिळेल तिथं दिसतं. पाइप आधीच वर धरला असता, तर पाणी सगळ्या कडांवरून ओघळलं असतं आणि खरी फट कुठली ते कळलंच नसतं. सिंपल, पण हे आमच्या दोन इंजिनीअरिंग आणि एका मास कॉमच्या डिग्रीला सुचलं नव्हतं. (दोन नवऱ्याच्या, एक माझी.)

ते भोक कुणी बुजवलं?

मग काका सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीवर वाकले. 'हे भोकं कोनं बुजवले वो?'

शांतता. नवरा चपलेकडे बघत होता.

सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत पावसाचं थोडं पाणी येणारच. ते बाहेर जावं म्हणून चौकटीला बाहेरच्या बाजूनं बारीक भोकं ठेवलेली असतात. ती बंद झाली की खाच टबासारखी भरते आणि पाणी आत सांडतं. आमच्या गाडीत ती भोकं पांढऱ्या सिलिकॉननं व्यवस्थित बंद केलेली होती. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात नवऱ्याला भिंतीवर डाग दिसला होता. एका रविवारी मी पार्लरला गेले असताना त्यानं दिसेल ती फट आणि दिसेल ते भोक भरून टाकलं. डाग झाकायला तिथं एक कुशन ठेवलं. आणि मला सांगितलं नाही.

'तुझ्या आईला कळलं असतं,' तो म्हणाला.

'दोन महिने भिंत आतून कुजत होती आणि तुला आईचं टेन्शन?' मी गॅरेजमध्येच ओरडले. काकांनी रेडिओचा आवाज वाढवला. समजूतदार माणूस!

सिलिकॉनवर सिलिकॉन नको

खरा घोळ वेगळाच होता. जुन्या थरावर नवा थर मारला की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण वाळलेल्या सिलिकॉनवर काहीच नीट चिकटत नाही, रंग नाही आणि दुसरं सिलिकॉनसुद्धा नाही. शिवाय गाडी काही घराच्या भिंतीसारखी गप्प उभी नसते. खड्ड्यांत ती पिळवटते. उन्हात पत्रा रात्रीपेक्षा चाळीस अंशांनी जास्त तापला, तर एक मीटर लांबीची अॅल्युमिनियमची चौकट जवळपास 0.9 मिलिमीटर वाढते आणि पोलादाचा पत्रा त्याच्या निम्माच. रोज ही ओढाताण, वर उन्हाचा मारा. जुना मसाला कडक होऊन तडकतो. तड केसाएवढी असली तरी पाण्याला पुरते आणि धावत्या गाडीत वारा ते आणखी आत ढकलतो.

म्हणून काकांनी अख्खी खिडकीच बाहेर काढली. आतली रिंग सोडवली आणि प्लास्टिकच्या पट्टीनं जुना मसाला खरवडला. मग कडा स्पिरिटनं पुसून लख्ख केल्या. कुजलेलं प्लाय चांगल्या लाकडापर्यंत कापलं. उरलेली भिंत दोन दिवस पंख्यापुढे वाळवली. 'ओलं बंद केलं तर आतल्या आत सडते, कायले घाई करता?' आम्ही दोन दिवस मावशीच्या घरी भाकरी-पिठलं खात भांडलो आणि मग भांडण संपलं.

तिसऱ्या दिवशी नवं प्लाय बसलं. चौकटीच्या मागच्या कडेला ब्युटाइल टेप लागली. ही च्युइंगमसारखी चिकट पट्टी कडक होत नाही, त्यामुळे चौकटीबरोबर ताणली जाते. टेपची दोन टोकं खालच्या बाजूला, मध्ये फट न ठेवता भेटवली. स्क्रू चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. चौकटीबाहेर आलेली टेप कापली आणि वर व दोन्ही बाजूंना सीलंटची बारीक रेघ मारली. खालची कड मात्र मोकळी!

'तिथं का नाही?' मी विचारलं.

'चुकून पाणी गेलंच आत, तं त्याले बाहेर याले रस्ता पाह्यजे ना.'

बिल आमच्या पुण्यातल्या एका वीकेंडच्या खर्चाएवढं झालं.

परतताना चिखलीच्या पुढे पुन्हा पावसानं गाठलं. गाडी बाजूला घेतली. नवरा टॉर्च आणि टिश्यू घेऊन खिडकीपाशी बसला. अर्ध्या तासानं टिश्यू माझ्यासमोर धरला. कोरडा ठणठणीत! मग म्हणाला, 'ड्रायव्हरमागच्या खिडकीलाही एक छोटा डाग आहे. आत्ता सांगतोय.' मी ते कुशन उचलून मागे फेकलं आणि काकांना फोन लावला.

पावसाळ्याआधी एवढं कराच!

• दर मे महिन्यात पाइप टेस्ट घ्या. खालून वर, एक जण आत, एक बाहेर.

• खाचेतली भोकं केबल टायनं साफ करा. बुजवू नका!

• खिडकीखालची भिंत बोटानं दाबून बघा. मऊ लागली तर आधी तिथलं वायरिंग बंद करा.

• छताच्या गळतीसाठी मिळणारी चंदेरी फॉइलची टेप वेगळी. चौकटीमागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी ब्युटाइल लागते.

• व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला गंजवू शकतं. 'न्यूट्रल' लिहिलेलं मागा.

• खिडकी अॅक्रिलिकची असेल तर थिनर लांब ठेवा. तडे जातात.

• दोन दिवसांनी स्क्रू पुन्हा हलके आवळा.

• आणि डाग दिसला तर घरात सांगा. कुशन हा उपाय नाही!