दुर्गा खोटे: कोणत्याही एका कंपनीच्या न झालेल्या अभिनेत्री

वडखळहून निघालेला रस्ता धरमतरची खाडी ओलांडतो आणि पोयनाडवरून अलिबागला पोहोचतो. दुर्गा खोटे उतारवयात याच अलिबागला राहायला गेल्या. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र त्यांनी तिथेच लिहिलं. पण त्यांची गोष्ट सुरू होते मुंबईत.

१९०५ साली जन्मलेल्या दुर्गाबाई सॉलिसिटर लाड यांच्या कन्या. सेंट झेवियर्स कॉलेजात शिकत असताना खोट्यांच्या श्रीमंत घरात लग्न झालं. पुढे घराची आर्थिक घडी विस्कटली आणि दोन लहान मुलांची जबाबदारी अंगावर आली. त्या काळी ‘चांगल्या घरच्या’ बायका सिनेमात जात नसत. १९३१ च्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी छोटं काम केलं, तर जाहिरातीत त्यांच्या माहेर-सासरचंच नाव वापरलं गेलं. व्हायचा तो गदारोळ झाला.

एखादी तिथेच थांबली असती. पण व्ही. शांतारामांनी त्यांना कोल्हापूरला प्रभातमध्ये बोलावलं आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती झाल्या. पार्श्वगायन तेव्हा आलेलं नव्हतं, त्यामुळे गाणीही स्वतःच म्हणायची. हा पहिला मराठी बोलपट. दुर्गाबाईंच्या यशानंतर सुशिक्षित घरांतल्या मुलींसाठी स्टुडिओचं दार किलकिलं झालं.

त्यांचं खरं धाडस मात्र वेगळं होतं. तेव्हाचे नटनटी कंपनीचे पगारी नोकर असत. करार संपेपर्यंत दुसरीकडे काम करायची मुभा नसे. दुर्गाबाईंनी एकाच कंपनीशी बांधून घेतलं नाही. त्या प्रभातकडे होत्या, कलकत्त्याला न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’तही होत्या. १९३६ साली पुन्हा प्रभातच्या ‘अमरज्योती’त सौदामिनी झाल्या: कायदा तिला पोटचं मूल देत नाही, म्हणून समुद्रावर चाचेगिरी करणारी बाई! दोन मुलांसाठी कॅमेऱ्यासमोर आलेल्या आईला ही भूमिका मिळावी, हा योगायोगच. पुढे तर ‘सवंगडी’ची निर्मितीही त्यांनीच केली.

रंगभूमीवर त्या पडद्यावरचं यश मिळाल्यानंतर स्थिरावल्या. हा उलटा प्रवासच म्हणायचा, कारण बहुतेक जण नाटकातून सिनेमात जात. मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त नानासाहेब फाटकांच्या राघोबासमोर त्यांची आनंदीबाई उभी राहिली. शिरवाडकरांनी मॅक्बेथवरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्येही त्या होत्या.

आजच्या प्रेक्षकाला त्या आठवतात त्या ‘मुगल-ए-आझम’मधल्या जोधाबाई किंवा ‘बॉबी’मधली आजी म्हणून. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९८८ मध्ये, दूरदर्शनवर एका मध्यमवर्गीय कारकुनाची मालिका घराघरांत पोहोचली. ती ‘वागळे की दुनिया’, आणि निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची.